प्रयोगशाळा आणि ऑफिस एकाच इमारतीत: नव्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सुरुवात कुठून करावी

"अकरा वाजले की चित्र हलतं," त्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दुसऱ्या मजल्यावर होता. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता, मशीनमध्ये दोष नव्हता. मी साडेदहाला जाऊन बसलो. अकराला पाच कमी असताना कॉरिडॉरमधून चहाची ट्रॉली आली. एक्स्पान्शन जॉइंटवर, म्हणजे इमारतीच्या दोन तुकड्यांमधल्या फटीवर, अॅल्युमिनियमची पट्टी होती, तिच्यावरून लोखंडी चाकं खडखडत गेली आणि पडद्यावरचं चित्र धूसर झालं. दुपारी साडेतीनला पुन्हा तेच.

स्लॅब भक्कम होता. दुप्पट वजन टाकलं असतं तरी पडला नसता. मला हे नक्की माहीत होतं, कारण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो मीच डिझाइन केला होता. ऑफिसचा स्लॅब म्हणून. 'आर अँड डी' एवढंच आर्किटेक्टच्या नकाशावर लिहिलेलं होतं आणि त्याचा अर्थ विचारायचं मला सुचलं नाही.

कन्सल्टंटच्या ऑफिसात नुकतेच लागलेल्या आणि अशी पहिली इमारत हातात आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. कॉलेजात आपण ताकद शिकतो: मोमेंट किती, सळई किती. ऑफिस आणि प्रयोगशाळा यांच्यातला खरा फरक ताकदीत फारसा नाही. तो आहे ताठरपणात, आणि पुढच्या तीस वर्षांत त्या मजल्यावर काय काय बदलेल यात.

पहिली पायरी: ईटॅब्स बंद ठेवा, यादी मागा

ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल उघडण्याआधी उपकरणांची यादी हातात हवी. वापरणाऱ्या शास्त्रज्ञांकडे ती बहुतेक वेळा नसते, किंवा खरेदी खात्याची असते. त्यात किंमत असते, वजन नसतं. मग एक साधा तक्ता करून द्या आणि त्यांच्याकडून भरून घ्या: उपकरणाचं भरलेल्या स्थितीतलं वजन, पायांमधलं अंतर, ते स्वतः हलतं का, त्याला दुसऱ्याचं हलणं चालतं का, आणि ते आत कुठून येणार.

'भरलेल्या स्थितीतलं' हा शब्द अधोरेखित करा. उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर नमुन्यांसह तीन-साडेतीनशे किलोला सहज जातो, आणि फ्रीझर कधी एकटा नसतो. दहाची रांग असते, पाठीला पाठ लावून. ऑटोक्लेव्हमध्ये पाणी असतं. ऑप्टिकल टेबलचं सगळं वजन चार पायांवर येतं, म्हणजे तिथे चौरस मीटरचा हिशेब चालत नाही, एकवटलेला लोड तपासावा लागतो.

मोठ्या उपकरणांचे उत्पादक जागेच्या तयारीची पुस्तिका देतात. ती मागवाच. एनएमआरसारख्या, म्हणजे रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या, चुंबकाच्या पुस्तिकेत जमिनीत किती लोखंड चालेल हेही लिहिलेलं असतं. चुंबकाखालच्या स्लॅबमधल्या सळयांचं प्रमाण हा तिथे तुमचा प्रश्न होतो, आणि लिफ्टचं हलणारं लोखंड चुंबकापासून किती दूर हा आर्किटेक्टचा.

यादी मिळत नसेल तर संस्थेची जुनी प्रयोगशाळा बघायला जा. टेप घेऊन जा. एक दुपार घालवा. लोक नव्या इमारतीत जुनंच सामान घेऊन येतात, वर थोडं नवं.

यादीतला शेवटचा रकाना सगळे विसरतात. दोन टनांचं मशीन हँड पॅलेटवरून कॉरिडॉरमधून जाताना त्याची चाकं कॉरिडॉरच्या स्लॅबवर असतात, मशीनच्या खोलीतल्या जाड स्लॅबवर नाही. वाट आधीच नकाशावर लाल पेनाने काढा. वाटेतले स्लॅब तपासा, गरज असेल तिथे खालून टेकू आणि वरून लोखंडी प्लेट असं लिहून ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीत एक काढता येणारा गाळा ठेवायला सांगा.

दुसरी पायरी: लाइव्ह लोड ठरवणं

लाइव्ह लोड म्हणजे माणसं, सामान यांचं बदलतं वजन. त्यासाठी आयएस ८७५ भाग २ हा भारतीय कोड उघडा. ऑफिसात सामान ठेवायला वेगळी खोली असेल तर २.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, नसेल तर ४. नवे लोक २.५ वाचून पुढे जातात. वेगळी रेकॉर्ड रूम नकाशावर असते खरी, पण दोन वर्षांत तिथे कोणाची तरी केबिन होते आणि फायली सगळ्या मजल्यावर पसरतात. मी सरळ ४ धरतो. रेकॉर्ड रूमला ५, ऑफिसातल्या कॉरिडॉरला ४. पार्टिशनची जागा ठरलेली नसेल तर त्यासाठी वेगळा किमान १.

प्रयोगशाळेसाठी कोडमध्ये ३ हा आकडा सापडेल. तो किमान आहे, आणि शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला शोभणारा आहे. संशोधनाच्या इमारतीला मी ५ च्या खाली येत नाही. तेही फक्त टेबलांच्या खोलीत नाही, शेजारच्या बसायच्या जागेतही, कारण प्रयोगशाळा वाढते ती शेजारच्या ऑफिसात. तुम्ही तिथे ४ किलोन्यूटनची सीमारेषा आखली असेल तर फ्रीझर हलवणाऱ्या माणसाला ती दिसणार नाही.

काही जागा अशा आहेत की तिथे तक्त्यावर विसंबू नका, स्वतः वजन काढा. यूपीएसच्या बॅटऱ्यांची खोली ही त्यातली पहिली. दुसरी कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी कपाटं: साध्या रेकॉर्ड रूममध्ये निम्मी जागा चालायला जाते, कॉम्पॅक्टरमध्ये ती वाटच नाहीशी होते, म्हणून तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट कागद बसतो. तिसरी गच्ची. पाण्याच्या टाकीत दीड मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १५ किलोन्यूटन. त्यात वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा, जो ड्रॉइंगवर शंभर मिमी असतो आणि उतार काढता काढता कोपऱ्यात दोनशेवर जातो.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा लक्षात आली. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपासाठी इमारतीचं वजन धरताना लाइव्ह लोड ३ पर्यंत असेल तर त्यातला २५ टक्के घ्यायचा, ३ च्या वर असेल तर ५० टक्के. म्हणजे २.५ च्या ऑफिस मजल्यातून ०.६ च्या आसपास येतं आणि ५ च्या प्रयोगशाळा मजल्यातून २.५. चौपट. इमारतीचे वरचे दोन मजले प्रयोगशाळेचे आणि खालचे ऑफिसचे असतील तर वजन वर जातं, आणि भूकंपाच्या हिशेबात वर गेलेलं वजन महाग पडतं. आर्किटेक्टशी पहिल्याच बैठकीत बोला: प्रयोगशाळा खाली, ऑफिस वर. विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचे एक्झॉस्ट डक्ट लांबतात म्हणून एचव्हीएसीवाले, म्हणजे एसी-हवेचं काम बघणारे, कुरकुरतील. कुरकुरू द्या, पण त्यांचंही ऐका, कारण त्या डक्टना प्रत्येक स्लॅबमधून भोकं लागणार आहेत.

कोडची आवृत्ती मात्र प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तपासा. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून कोड उतरवता येतात. सिनिअरच्या ड्रॉवरमधल्या झेरॉक्सवर काम करू नका.

तिसरी पायरी: कॉलम कुठे

ऑफिसचं ग्रिड बहुधा तळघरातल्या गाड्या ठरवतात. अडीच मीटरच्या तीन गाड्या आणि एक कॉलम: ८.१ ते ८.४ मीटर. पुण्या-मुंबईतली आयटी पार्क बघा, हेच अंतर पुन्हा पुन्हा दिसेल.

प्रयोगशाळेचं ग्रिड टेबलं ठरवतात. दोन्ही बाजूंना पाऊण मीटर खोलीचं टेबल, मधे दीड मीटर वाट, म्हणजे पाठमोरी काम करणारी दोन माणसं एकमेकांवर आपटणार नाहीत, आणि भिंतीची जाडी. बेरीज साधारण ३.१५ ते ३.३ मीटर. याला मोड्यूल म्हणतात, आणि कॉलम दोन मोड्यूलवर, ६.६ वर, छान बसतो.

८.४ आणि ६.६ यांचं जमत नाही. मालकाला गाड्या हव्यात, शास्त्रज्ञाला टेबलं. ६.६ मध्ये दोनच गाड्या बसतात आणि मीटरभर जागा वाया जाते. मालकाला ती वाया गेलेली जागा पैशांत दिसते, तुमचा ताठरपणा दिसत नाही. म्हणून दोन तुकडे सुचवा: रस्त्याच्या बाजूला ऑफिसचा तुकडा ८.४ च्या ग्रिडवर, मागे प्रयोगशाळेचा ६.६ वर, मधे जॉइंट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडप्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत जॉइंटचा विचार करायचाच असतो. तो इथे सत्कारणी लावा. फक्त त्याच्यावरून कोणाची चाकं जाणार हे बघा, माझ्यासारखं विसरू नका.

आणि कॉरिडॉर. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना कॉलमच्या रांगा घ्या. मधला स्पॅन आखूड, अडीच-तीन मीटरचा होतो आणि चालणारी माणसं त्या ताठ पट्ट्यावर राहतात. मोठ्या स्पॅनच्या मधोमध कॉरिडॉर आला तर प्रत्येक पाऊल शेजारच्या मायक्रोस्कोपला कळतं. यासाठी जास्तीचं काँक्रीट फारसं लागत नाही. आर्किटेक्टला वेळेवर सांगावं लागतं, एवढंच.

चौथी पायरी: कंप

इथे थोडं थांबू, कारण कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

माणूस मजल्यावर चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे २ हर्ट्झ. पण पाऊल म्हणजे गुळगुळीत लाट नाही, धक्का आहे. त्यात २ बरोबर ४, ६, ८ हर्ट्झचेही अंश असतात, पुढे पुढे कमी होत जाणारे. तुमच्या स्लॅबची स्वतःची वारंवारता यांपैकी एखाद्याशी जुळली की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. ९-१० हर्ट्झच्या वर गेलात तर हा झोपाळा बनत नाही. प्रत्येक पाऊल एक टोला देतं आणि पुढचं पाऊल यायच्या आत कंप बराचसा विरतो.

ही वारंवारता काढायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. बीम वजनाखाली जेवढा खाली वाकतो ते डिफ्लेक्शन मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १८ ला त्याने भागा. हर्ट्झमध्ये उत्तर. डिफ्लेक्शन ३.५ मिमी असेल तर ९.६ हर्ट्झ.

आता तोच बीम, तेवढाच मीटरमागचा लोड, पण स्पॅन ६.६ ऐवजी ८.४. डिफ्लेक्शन स्पॅनच्या चौथ्या घातात वाढतं: ८.४ भागिले ६.६ चा चौथा घात म्हणजे २.६. डिफ्लेक्शन झालं ९.२ मिमी आणि वारंवारता उतरली ६ हर्ट्झवर. बरोबर तिसऱ्या पटीवर, चालणाऱ्या माणसाच्या तावडीत. आयएस ४५६ च्या डिफ्लेक्शनच्या तपासणीत हाच बीम आरामात पास होतो. स्पॅन भागिले २५० म्हणजे ३३ मिमीची मुभा आहे, आपण ९ वर आहोत, काळानुसार वाढणारं डिफ्लेक्शन धरलं तरी मर्यादेच्या आतच राहतो. कोड पास आणि मायक्रोस्कोप नापास, हे असं होतं.

या हिशेबात नवखे तीन ठिकाणी चुकतात. पहिलं, डिफ्लेक्शन कोणत्या लोडचं? डिझाइनच्या पूर्ण लोडचं नाही. मजल्यावर रोज प्रत्यक्षात जेवढं वजन असतं तेवढंच: स्वतःचं वजन, फिनिश, आणि लाइव्ह लोडचा छोटा वाटा. पूर्ण ५ धरलात तर वारंवारता खोटी कमी येईल आणि तुम्ही उगाच बीम फुगवाल. दुसरं, क्रीपचं, म्हणजे काँक्रीट वर्षानुवर्षं वजनाखाली हळूहळू वाकत जातं त्याचं, दीर्घकालीन डिफ्लेक्शन यात धरू नका, पावलाला क्रीप कळत नाही. तिसरं, फक्त दुय्यम बीम बघून थांबू नका. तो ज्या मुख्य बीमवर बसलाय तोही वाकतो, दोघांची बेरीज घ्या.

मग किती कंप चालतो? ऑफिसात माणसाला त्रास होऊ नये म्हणून त्वरण गुरुत्वाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात. प्रयोगशाळेत माणसाचा प्रश्न नसतो, उपकरणाचा असतो, आणि तिथे वेगाची शिडी वापरतात. एरिक उंगर आणि कॉलिन गॉर्डन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. कारखान्याला सेकंदाला ८०० मायक्रोमीटर चालतात, ऑफिसला ४००, घराला २००, शस्त्रक्रियेच्या खोलीला १००. तिथून पुढे व्हीसी (व्हायब्रेशन क्रायटेरिअन) नावाच्या पायऱ्या: व्हीसी-ए म्हणजे ५०, आणि प्रत्येक पायरीला निम्मं: बी २५, सी १२.५, डी ६ च्या किंचित वर, ई ३ च्या आसपास. चारशेपट मोठं दाखवणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपला ए पुरतं, हजारपटवाल्याला सी लागतं, चांगल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला डी किंवा त्याहून खालचं. माझा स्लॅब ऑफिसच्या पायरीवर होता आणि मॅडमचं मशीन डी मागत होतं. मधे साठेकपटीचा फरक. चहाच्या ट्रॉलीला दोष देण्यात अर्थ नव्हता.

वरच्या मजल्यांवर ए आणि बी नीट प्रयत्नाने मिळतं. सी मिळवायला पैसे लागतात. डी आणि ई वरच्या मजल्यावर द्यायचं वचन कोणालाही देऊ नका, ती जमिनीवरची उपकरणं आहेत.

कंप कमी करायला काय करावं, यावर नव्या मुलांचं पहिलं उत्तर असतं काँक्रीटचा ग्रेड वाढवू. हिशेब करा: एम३० चा एम४० केला तर काँक्रीटचा ई, म्हणजे मालाचा स्वतःचा ताठरपणा, फक्त १५ टक्क्यांनी वाढतो. सळई वाढवणं तर जवळजवळ निरुपयोगी. उलट बीमची खोली ६०० ची ७५० केली की मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारातून येणारा ताठरपणा, दुपटीला टेकतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, स्पॅन कमी. टोल्याच्या पद्धतीत कंपाचा वेग हा ताठरपणा गुणिले वारंवारता याच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८.४ चा स्पॅन ६.६ वर आणलात तर वेग सव्वातीनपट खाली येतो.

ऑफिसबद्दलही एक सांगतो. पूर्वीच्या ऑफिसात फायलींची कपाटं आणि छतापर्यंतची पार्टिशनं असायची, ती कंप खाऊन टाकायची. आताची मोकळी, कागद नसलेली ऑफिसं त्याच स्लॅबवर जास्त डोलतात. 'शेजारून कोणी गेलं की मॉनिटर हलतो' ही तक्रार नव्या ऑफिसात जास्त येते, त्याचं हे एक कारण.

पाचवी पायरी: स्लॅब कोणता, आणि भोकं कुठे

ऑफिसच्या तुकड्यात पोस्ट-टेन्शन केलेला (पीटी), म्हणजे आत ताणलेल्या केबल असलेला, फ्लॅट स्लॅब ठीक आहे. बीम नाहीत, डक्ट सरळ जातात, मजल्याची उंची ३.६ ते ४ मीटरमध्ये भागते. प्रयोगशाळेत मी तो टाळतो. कारण ताकद नाही, भोकं. प्रयोगशाळेत दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी नवा फ्यूम हूड बसवतो, नवी ड्रेन लाइन टाकतो आणि कोअर कटिंगवाल्याला बोलावतो. तो माणूस पाणी लावून मशीन सुरू करतो. खाली ताणलेली केबल आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पीटी स्लॅबमध्ये जीपीआरने, म्हणजे स्लॅबच्या आतलं दाखवणाऱ्या रडारने, स्कॅन केल्याशिवाय एकही भोक नाही, हे ड्रॉइंगवर आणि मजल्यावर दोन्हीकडे लिहा.

साधा आरसीसी बीम-स्लॅब किंवा खालून चौकोनी खणांचा वॉफल स्लॅब प्रयोगशाळेला चांगला. कंपाला ताठ, भोकांना सोशिक. पण साध्या फ्लॅट स्लॅबमध्येही कॉलमला खेटून डक्टचं भोक काढू देऊ नका. आर्किटेक्टना ती जागा फार आवडते, कारण शाफ्ट कॉलमच्या मागे लपतो. पंचिंग शिअरची, म्हणजे कॉलम स्लॅबला भोसकून वर येऊ नये म्हणून तपासायची, परिमिती मोजताना स्लॅबच्या जाडीच्या दहापट अंतरातलं भोकही तिच्यातून वजा होतं, असं आयएस ४५६ सांगतं. २५० च्या स्लॅबला म्हणजे अडीच मीटर. हा आकडा ऐकवला की बैठकीत शांतता पसरते.

उद्याची भोकं आज ठेवा. प्रत्येक गाळ्यात दोन बीमच्या मधे एक पट्टा निवडा, तिथे सळया अशा मांडा की तो पट्टा पुढे कधी कापला तरी बाकीचा स्लॅब उभा राहील, आणि ड्रॉइंगवर तो वेगळ्या रेघोट्यांनी दाखवा. ॲसिडच्या ड्रेन लाइन स्लॅबच्या आत गाडू नका. त्या कधीतरी गळतात आणि सळईला कळल्यावर आपल्याला कळतं.

उंचीचं म्हणाल तर प्रयोगशाळेला ४.२ ते ४.८ मीटर मागा. बीम, त्याखाली डक्ट, त्याखाली गॅसच्या लाइन, केबल ट्रे. मागताना उदाहरण हवं असेल तर लुई कान यांचं द्या. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स प्रयोगशाळेत त्यांनी डक्टसाठी इमारतीबाहेर स्वतंत्र मनोरे उभे केले. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये ते आणखी पुढे गेले: प्रत्येक प्रयोगशाळेच्या मजल्यावर नळ-डक्टसाठी आख्खा वेगळा मजला, ९ फूट उंच. स्ट्रक्चरल इंजिनिअर ऑगस्ट कोमेंडंट यांनी त्या ९ फुटांतच काँक्रीटचे विरेंडील ट्रस बसवले. तिरके मेंबर नसलेला ट्रस, शिडी आडवी ठेवल्यासारखा. त्यामुळे शिडीच्या खणांतून माणूस पाइप घेऊन चालत जाऊ शकतो आणि खालची प्रयोगशाळा ६५ फुटांपर्यंत कॉलमशिवाय मोकळी राहते. आपल्याकडे एवढी उंची कोणी देणार नाही. पण बीमच्या पोटातून डक्ट न्यायचा असेल तर भोकाभोवतीचा बीम विरेंडीलसारखाच वागतो, म्हणून कोमेंडंट यांची शिडी डोक्यात ठेवून भोक स्पॅनच्या मधल्या भागात घ्या, टोकाला जिथे शिअर जास्त तिथे नाही.

सहावी पायरी: जमिनीवरची खोली

सगळ्यात नाजूक उपकरणं तळमजल्यावर, तळघर नसलेल्या भागात, आणि रस्ता, लिफ्ट, पंपरूम यांपासून लांब. दख्खनच्या बेसाल्टवर आपण नशीबवान आहोत, खडक बहुधा हाताशी असतो. वर काळी माती असेल तर ती पूर्ण काढा, आणि बोअर लॉग वाचल्याशिवाय खडक किती खोल ते गृहीत धरू नका. जागेच्या शांततेचं मोल किती, याचं टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियासाठी हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ निवडलं गेलं, ते बऱ्याच ठिकाणांची छाननी करूनच.

उपकरणाखाली काँक्रीटचा जाड ठोकळा घेतात, आजूबाजूच्या फरशीपासून २५-५० मिमीची फट ठेवून. सगळं मर्म त्या फटीत आहे, आणि तीच साइटवर पहिली मरते. एकदा मी तपासणीला गेलो तेव्हा ठोकळा सुरेख झाला होता, कडा सरळ, पाणी मारलेलं. फट मात्र दिसेना. फरशीवाल्याने घमेलंभर मॉर्टर ओतून ती भरली होती आणि वरून सफेद सिमेंट ओढलं होतं. "साहेब, कचरा जात होता आत," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने त्याने माझी चूक दुरुस्त केली होती. दोन दिवस छिन्नीने ती मोकळी करावी लागली. तेव्हापासून मी फटीत मऊ फोमची पट्टी पहिल्या दिवसापासून घालून ठेवतो आणि तिथे मराठी-हिंदीत पाटी लावतो: 'ही फट भरायची नाही.'

सातवी पायरी: गच्चीवरची यंत्रं

चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे २४ हर्ट्झ. स्प्रिंगवर बसवलेलं यंत्र स्वतःच्या वजनाने स्प्रिंग २५ मिमी दाबत असेल तर मघासारखंच सूत्र लावा, फक्त सगळं वजन थेट स्प्रिंगवर असल्याने १८ च्या जागी १५.८ घ्या: १५.८ भागिले ५, ३.२ हर्ट्झ. २४ आणि ३.२ यांच्यात एवढं अंतर असलं की हिशेबाने दोनेक टक्केच कंप खाली उतरतो. पण हे तेव्हाच, जेव्हा स्प्रिंगखालचा स्लॅब स्प्रिंगपेक्षा कितीतरी ताठ असेल. लांब स्पॅनच्या मध्यावर चिलर ठेवलात तर स्लॅबच दुसरी स्प्रिंग होतो. यंत्रं कॉलमच्या डोक्यावर घ्या. आणि स्प्रिंगवाल्या यंत्राला जोडलेला पाइप कडक असेल तर कंप पाइपातून उतरतो, तेव्हा लवचीक जोड विसरू नका.

भूकंप

याबद्दल थोडक्यात. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे-मुंबई झोन ३ मध्ये, कोयना ४ मध्ये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशावर सगळ्यात सुरक्षित, झोन १ मध्ये होता. पुढे २००२ च्या आवृत्तीत झोन १ च काढून टाकला. म्हणून झोन २ च्या कामातही आयएस १३९२० चं, म्हणजे भूकंपासाठी सळया मांडायच्या कोडचं, डिटेलिंग करा, कोणी रागावणार नाही.

इमारत उभी राहिली तरी प्रयोगशाळेत माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या वस्तूंनी. गॅसचे सिलिंडर साखळीने दोन उंचीवर बांधायचे, उंच कपाटं ब्लॉकच्या भिंतीला नव्हे, स्लॅबला किंवा आरसीसी भिंतीला. एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा अँकर धरत नाही. फॉल्स सीलिंगवरचे डक्ट लोंबते ठेवू नका, तिरके टेकू मागा. हे सगळं 'नॉन-स्ट्रक्चरल' म्हणून कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं. तुम्ही एक शीट काढून द्या.

शेवटची पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

शटरिंग निघाल्यावर, फिनिश झाल्यावर एकदा मोजणी करा. मोबाइलमधल्या ॲपवर ऑफिसच्या स्लॅबची वारंवारता कधीकधी ओळखता येते, टाच आपटून बघा, मजा येते. पण व्हीसीच्या पायऱ्या मोजायला मोबाइल चालत नाही, त्याचा स्वतःचाच गोंगाट त्याहून जास्त. त्यासाठी भूकंपमापकाच्या जातीचा संवेदनशील सेन्सर भाड्याने आणावा लागतो. मोबाइलवर मेट्रोनोम लावून एका माणसाला मिनिटाला १०० पावलांनी कॉरिडॉरमधून चालवा. एकदा रात्री, इमारत गप्प असताना. एकदा एसीचे सगळे मोठे पंखे (एएचयू) चालू असताना. आणि एकदा चहाच्या वेळी.

मग प्रत्येक मजल्यावर, लिफ्टसमोर, एक पाटी: या मजल्याचा लाइव्ह लोड किती, कंपाची पायरी कोणती, पीटी केबल आहेत की नाहीत, भोक पाडण्याआधी कोणाला विचारायचं. मालकाचा माणूस बदलतो, तुम्ही नोकरी बदलता, ड्रॉइंगची गुंडाळी कुठल्यातरी कपाटात जाते. पाटी राहते. ती पत्र्याची करून स्क्रूने बसवा, भिंतीवर रंगवून घेऊ नका. भिंत दर चार-पाच वर्षांनी रंगवली जाते.